बोरिक लावलेल्या तांदळातला मोबाईल

मोबाईल पाण्यात पडला, असं आम्ही पुढे सगळ्यांना सांगत राहिलो. पण ते नुसतं पाणी नव्हतं. कांद्यावर करपा आला होता आणि माझे धाकटे दीर शेतात दोनशे लिटरच्या निळ्या ड्रममध्ये औषध कालवत होते. औषध म्हणजे फवारणीचं. आमच्याकडे माणसाच्या औषधाला गोळी म्हणतात आणि पिकावरच्या विषाला औषध. भाऊजींच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात मोबाईल. काठी हातात राहिली.

त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून मोबाईल वर काढला आणि तसेच धावत घरी आले. मी ओट्यावर कणीक मळत होते. माझ्यासमोर त्या मोबाईलचा पडदा एकदा उजळला, थरथरला आणि विझला. भाऊजींचं तोंड असं झालं होतं की मला वाटलं, मोटरचा शॉक बसला.

"आधी हात धुवा," मी म्हटलं. "साबणानं. दोनदा."

ते हात धुवून येईपर्यंत माझा निर्णय झालेला होता. निर्णय घ्यायची मला सवय आहे. मी या घरात आले तेव्हा भाऊजी पंधरा वर्षांचे होते. त्यांचा दहावीचा डबा मी भरला, कावीळ झाली तेव्हा पथ्य मी सांभाळलं, पहिल्यांदा मिशी काढून आले तेव्हा हसलेही मीच. आता ते चौतीस वर्षांचे आहेत, पण माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. हा त्यांचा चांगुलपणा आहे आणि त्याचा मी पुष्कळ फायदा घेतलेला आहे.

भिजलेल्या मोबाईलचं काय करायचं, हे मी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं. तांदळात ठेवायचा, तीन दिवस ठेवायचा आणि मध्ये उघडायचा नाही. कुणी लिहिलं होतं ते आठवत नाही. पण शेवटी तीन वेळा हात जोडलेले होते, त्यामुळे लिहिणारा जबाबदार माणूस असावा.

"वैनी, सिम तरी काढून घेऊ का?" भाऊजींनी विचारलं.

"अजिबात न्हाई. हवा लागली की शॉट बसतो."

हे वाक्य मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हतं. ते माझं होतं.

तांदूळ आम्ही वर्षाचा एकदम घेतो. भंडारदऱ्याच्या बाजूला माझी नणंद दिली आहे, तिच्या घरचा येतो. त्याला सोंडे लागू नयेत म्हणून आल्या आल्या मी बोरिक पावडर चोळून ठेवते. सगळ्याच बायका ठेवतात. शिजवताना चार पाण्यांनी धुतला की झालं. मोबाईल काही शिजवायचा नव्हता, त्यामुळे ती पावडर माझ्या लक्षातच आली नाही. मी कोठीतला पाच किलो तांदूळ एका स्टीलच्या डब्यात काढला, मोबाईल फडक्यानं पुसला, मधोमध पुरला, वरून आणखी तांदूळ घातला, झाकण लावलं आणि झाकणाला फडकं बांधलं. सासूबाई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "उनात ठिवला असता पत्र्यावर." मी म्हटलं, "उनानं बॅटरी फुगती." त्या वळून निघून गेल्या. या घरात माझ्याशी वाद घालायचा कंटाळा सगळ्यांनाच आहे.

पहिल्या दिवशी भाऊजी पाणी प्यायला पाच-सहा वेळा स्वयंपाकघरात आले. माठ ओसरीत असतो. दुसऱ्या दिवशी जेवायला म्हणून आले आणि डब्याकडे तोंड करून बसले. मी त्यांची टिंगल करायची एक संधी सोडत नाही, आणि दिराची टिंगल केली नाही तर वहिनी कसली?

"भावजी, डब्याकडं बघून भात शिजत न्हाई."

त्यांनी डब्यावरची नजर न काढता भाकरी मोडली.

"त्यात मोबाईल पुरलाय का नवरी?"

त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, टिंगल बरोबर बसली. मी तीच टिंगल संध्याकाळी आमच्या ह्यांच्यासमोर पुन्हा केली. भाऊजींनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि उठले. "वैनी, सिमपुरता उघडू का?" त्यांनी हात धुताना विचारलं. मी म्हटलं, "तीन दिवस म्हंजी तीन दिवस."

आता आमच्याकडची लग्नं कशी मोडतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भाऊजींसाठी आम्ही सहा वर्षं मुली बघत होतो. मुलगा निर्व्यसनी, बागायती जमीन, पाटाचं पाणी, पण शेतकरी. एवढं एकच सांगितलं की पुढचं कुणी ऐकत नाही. कुठल्या तालुक्यात पोह्यात शेंगदाणे जास्त घालतात आणि कुठे साखर, हे भाऊजी डोळे मिटून सांगायचे. आणि या सगळ्या वर्षांत आम्हाला थेट तोंडावर 'नाही' म्हणून एकाही घरानं सांगितलं नाही. नाही म्हणणं वाईट दिसतं. मुलीकडचे म्हणतात, "कळवतो." मग फोन वाजतो आणि उचलत नाहीत. मग फोन बंद येतो. फोन बंद आला की समजायचं आणि दुसरीकडे बघायचं. यात कुणाचा अपमान होत नाही, कुणी कुणाला तोंड दाखवायला लाजत नाही. एका स्थळाला तर आम्हीही असंच कळवलं होतं. तेव्हा ह्यांचा फोन बंद करून दोन दिवस मीच कपाटात ठेवला होता. मुलीचा बाप साधा माणूस होता. नंतर बाजारात भेटला तेव्हा स्वतःहून हसला.

मोबाईल ड्रममध्ये पडायच्या आधी पंधरा दिवस आम्ही शिर्डीजवळची एक मुलगी बघून आलो होतो. फार्मसीचा डिप्लोमा झालेली, शिर्डीत एका मेडिकलमध्ये कामाला. ह्यांच्या मामांनी मध्यस्थी केली होती. मोठ्यांनी मुला-मुलीला बोलायला दहा मिनिटं गच्चीवर पाठवलं. दोघं खाली आले तेव्हा भाऊजी नेहमीसारखे खाली मान घालून होते, मुलगी नेहमीसारखा चहा देत होती. दोन्हीकडून "कळवतो" झालं. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, डबा उघडायची वेळ झाली तेव्हाच मामांचा ह्यांना फोन आला. हे ऐकत होते, "बरं, बरं" करत होते. फोन ठेवून म्हणाले, "शिर्डीवाले म्हणत्यात राहू द्या. पोरीचंच मन न्हाई."

मी म्हटलं, "त्यांचं नशीब." हेही मी दर वेळी म्हणते.

भाऊजी उंबऱ्यात उभे होते. ते तिथेच खाली बसले. चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून. ह्यांना काय करावं कळेना, ते गोठ्याकडे निघून गेले. माणूस रडायला लागला की आमचे हे नेहमी गोठ्याकडे जातात. सासूबाई देवळात होत्या. राहिले मी आणि डबा.

मग एकेक बाहेर आलं. गच्चीवर त्या मुलीनं स्वतः नंबर दिला होता. बारा दिवस दोघं एकमेकांना मेसेज करत होते, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. त्या दिवशी सकाळी भाऊजी औषध कालवत असताना तिचा मेसेज आला: लग्नानंतरही मी मेडिकलमधली नोकरी सोडणार नाही, तुम्हाला चालेल का, आजच सांगा. भाऊजी उत्तर लिहायला लागले आणि मोबाईल निसटला.

"मग मला सांगायचं न्हाई?"

"काय सांगू? तुमाला न इचारता बोलत हुतो म्हनून?"

"तिचा नंबर?"

"मोबाईलमधीच हाय. पाठ न्हाई."

म्हणजे तिनं विचारलं, आणि त्याच मिनिटापासून भाऊजींचा फोन बंद. एक दिवस बंद, दोन दिवस बंद, तीन दिवस बंद. आमच्या भागात याचा जो अर्थ होतो तोच तिनं घेतला. आणि बंद कुणी ठेवला? मी. फडकं बांधून. मला इतकी लाज वाटली की मी भाऊजींवरच ओरडले. नंतर त्यांना पाणी दिलं.

डबा उघडला. मोबाईल कोरडा होता आणि पांढरा होता. चार्जिंगच्या भोकात पावडर घट्ट बसली होती. आम्ही तसेच श्रीरामपूरला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो पन्नाशीचा माणूस, कपाळावर भिंग लावून बसलेला. त्यानं मोबाईल उघडला, वास घेतला आणि भिंग वर सरकवलं.

"ह्याला काय केलंय?"

मी सांगितलं.

"पान्यानं एवढा गेला नसता," तो म्हणाला. "लगेच आनला असता तर धुऊन काढला असता. आत पावडरीची खळ झालीया. तीन दिवस नुसता गंजत हुता." मग त्यानं माझ्याकडे बघून आवाज जरा मऊ केला. "सगळेच तांदळात घालत्यात, वहिनी. पावडर लावलेल्या तांदळात घातलेला मातर पयलाच."

मोबाईल मेला होता. सिमला काही झालं नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं ते पुसलं आणि माझ्या मोबाईलमध्ये घातलं. माझ्या मोबाईलमध्ये दुसऱ्या सिमची जागा पहिल्यापासून रिकामी होती. घालायला अर्धं मिनिट लागलं.

सिम चालू झालं तसे मेसेज यायला लागले. फोन बंद असताना कुणी फोन केला होता ते कंपनी नंतर कळवते, ते मेसेज. एकच नंबर, पुन्हा पुन्हा. पहिल्या दिवशी दुपारी, पहिल्या दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी. तिसऱ्या दिवशी एकदाच. भाऊजींनी ते सगळे वाचले. त्यांनी तो नंबर लावला. फोनमधल्या बाईनं सांगितलं, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता तिचा फोन बंद आहे.

"झालं," भाऊजी म्हणाले.

"काय झालं? उद्या जायचं."

"कुठं?"

"तिच्या दुकानात."

असं कुणी करत नाही. मुलाकडची माणसं, मोडलेल्या स्थळाच्या मुलीकडे, ती कामावर असताना, मध्यस्थाला न सांगता. मला ते माहीत होतं. पण फडकं मी बांधलं होतं.

दुसरा दिवस गुरुवार निघाला. गुरुवारी शिर्डीत काय गर्दी असते ते सांगायला नको. गाडी लांब लावून आम्ही फूलवाल्यांच्या आणि प्रसादाच्या दुकानांतून वाट काढत मेडिकलपर्यंत पोचलो. काउंटरसमोर भाविकांची रांग होती. मुलगी आत पांढऱ्या कोटात उभी होती. भाऊजी रांगेत लागले, मी बाजूला थांबले.

त्यांचा नंबर आला. तिनं वर बघितलं. चेहऱ्यावर काहीही न दाखवता तिनं विचारलं, "काय पाहिजे?"

"डोकेदुखीची गोळी," भाऊजी म्हणाले.

तिनं गोळी दिली. ते पैसे देऊन बाजूला झाले आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. दुसऱ्यांदा त्यांनी मळमळीची गोळी घेतली. तिसऱ्यांदा ते रांगेकडे वळले तेव्हा मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना घेऊन सरळ काउंटरच्या कडेला गेले.

"मी ह्यांची वहिनी. बघायला आले हुते. ह्यांचा मोबाईल पाण्यात पडला."

"मागच्या वर्षीही एकाचा पाण्यात पडला होता," ती म्हणाली. "त्याच्या आधी एकाचा चोरीला गेला." आणि तिनं पुढच्या माणसाला खोकल्याची बाटली काढून दिली.

खरं सांगायला गेलो आणि तेच सगळ्यांचं ठरलेलं खोटं निघालं. भाऊजींनी खिशातून मेलेला मोबाईल काढला आणि काउंटरवर ठेवला. तिनं हातातलं काम संपवलं, मोबाईल उचलला, नाकाजवळ नेला, लांब धरला. मग नखानं चार्जिंगच्या भोकाची कड खरवडली आणि नख उजेडात धरलं.

"हे बोरिक आहे."

"व्हय," भाऊजी म्हणाले.

"मोबाईल बोरिकमध्ये कुणी ठेवला?"

"मी," मी म्हटलं. "तीन दिवस. हे रोज सिम मागत हुते. मी दिलं न्हाई. मला म्हाईत नव्हतं तुमचं बोलनं चाललंय ते."

तिनं दुकानाच्या मालकाला काहीतरी सांगितलं आणि काउंटरच्या टोकाला आली. पहिल्यांदाच तिनं भाऊजींकडे नीट बघितलं. "काय लिहीत होता?"

"'करा की' लिहीत हुतो. 'करा' झालं हुतं."

"मग?"

"मग पडला."

तिच्या ओठांना काहीतरी झालं, पण तिनं ते आवरलं आणि माझ्याकडे वळली. "आणि घरी चालेल?"

"चालंल," मी म्हटलं.

"तुम्ही काय करता?"

"घरीच असते."

"पहिल्यापासून?"

हे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "लग्नाआधी माहेरी बालवाडीत शिकवत हुते. दोन वर्षं. इथंबी आमच्या गावात जागा मिळत हुती."

"मग केली का नाही?"

माझ्याआधी भाऊजी बोलले. ते माझ्या बाजूनंच बोलत होते. "वैनींनी सोताच सोडलं. त्यांला पयल्यापासून घरचीच आवड."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. बहुतेक कुणी सांगितलं नसेल. मी रोज घरात दिसत होते, त्यावरून त्यांनी धरलं असेल. एकोणीस वर्षं घरात सगळे हेच धरून चालले होते, आणि हे मला त्या दिवशी गोळ्यांच्या काउंटरवर कळलं. माझं डोकंच फिरलं.

"न्हाई भावजी," मी म्हटलं. "आवड नव्हती. मला कुनी इचारलंच न्हाई. मी वाट बघितली, कुनी इचारतंय का म्हनून. कुनी इचारलं न्हाई, मग मी बालवाडीवाल्या बाईंना निरोप दिला, जमनार न्हाई."

माझा आवाज चढला होता. रांगेतली दोन माणसं बघायला लागली.

"तुम्ही तरी विचारायचं," मुलगी हळू म्हणाली.

"तेच म्हनतीय. तू इचारलंस. म्हनून आलीय मी इथवर."

मग तिनं खणातून आपला मोबाईल काढला आणि चालू केला. "मामांना आज पप्पांशी परत बोलायला सांगा," ती भाऊजींना म्हणाली. "माझ्या नोकरीचं त्यांच्यासमोर बोला. मेसेजवर नको."

आम्ही निघालो. भाऊजींनी गर्दीत एका भाविकाला धक्का दिला आणि त्याचीच पाठ थोपटली. आमच्या फाट्याला त्यांनी गाडी हळू केली आणि मान न वळवता म्हणाले, "वैनी, मला खरंच म्हाईत नव्हतं."

"रस्त्याकडं बघा," मी म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा हे ओसरीत पेपर वाचत होते. काल गोठ्याकडे गेले त्यानंतर या विषयावर ते एक शब्द बोलले नव्हते. मी चप्पल काढता काढता सगळं सांगितलं. मोबाईलचं, बोरिकचं, मामांना फोन लावायचं. आणि मग तयारीत उभी राहिले. ह्यांनी आढेवेढे घेतले तर काय काय बोलायचं ते मी शिर्डीपासून पाठ करत आले होते.

"एक अट हाय पोरीची," मी म्हटलं. "लग्नानंतर नोकरी करनार. सोडनार न्हाई."

ह्यांनी पेपरचं पान उलटलं. "करू दे की," ते म्हणाले. "त्यात काय इचारायचंय?"

आणि ते पुन्हा वाचायला लागले.

मी आत गेले. ओट्याला धरून उभी राहिले आणि मला रडू फुटलं, ते थांबेना. एकोणीस वर्षांपूर्वी मी ओसरीत जाऊन विचारलं असतं, तरी हा माणूस पान उलटून हेच म्हणाला असता. मला आता त्याची खात्री आहे. बाहेर ह्यांनी माझं रडणं ऐकलं असणार, कारण ते सासूबाईंना सांगत होते, दिराचं जमलं म्हणून तिला भरून आलंय, रडू द्या तिला. मग चपलांचा आवाज आला. हे गोठ्याकडे गेले.